सॉर्टचा क्रम कोण ठरवतं? शेल आणि डेटाबेसमधलं लोकेल हाताळताना

दोन याद्या होत्या. एक डेटाबेसमधून ऑर्डर बाय लावून काढलेली, दुसरी एका जुन्या फाइलीतून सॉर्टने लावून घेतलेली. दोन्हींत जवळपास तेच कोड असायला हवे होते. तुलनेसाठी दोन्ही कॉमला (क्रमाने लावलेल्या दोन याद्या ताडून बघणारी आज्ञा) दिल्या, तर त्याने शेकडो कोड 'फक्त पहिल्या यादीत' आणि जवळजवळ तेवढेच 'फक्त दुसऱ्या यादीत' म्हणून काढून दाखवले. हरवलेल्या नोंदी शोधण्यात माझी अख्खी दुपार गेली. शेवटी वैतागून एक 'हरवलेला' कोड ग्रेपने दोन्ही फाइलींत शोधला, तर तो दोन्हीकडे सुखरूप होता. कॉमने 'फाइल क्रमाने लावलेली नाही' असा इशाराही दिला होता, पण स्क्रिप्टने सगळा एरर आउटपुट डेव्ह नल्लमध्ये, म्हणजे कचऱ्यात, ओतला होता. स्क्रिप्ट माझीच.

डेटाबेस बरोबर होता, सॉर्टही बरोबर होता. फक्त दोघांनी 'आधी कोण, नंतर कोण' हे ठरवायला वेगवेगळे नियम धरले होते. त्या नियमांचं नाव कोलेशन, आणि शेलमध्ये ते लोकेलच्या, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या, सेटिंगमधून येतं. मजकुरात क्रम नसतोच. तुलना करणारा प्रोग्राम तो सोबत घेऊन येतो. त्यामुळे या सगळ्या कामात मी एकच प्रश्न आधी विचारतो: ही यादी पुढे यंत्र वाचणार आहे की माणूस? यंत्र वाचणार असेल तर सरळ बाइटचा क्रम, माणूस वाचणार असेल तर त्याच्या भाषेचा क्रम, आणि दोन्ही वेळा तो स्पष्ट लिहून. सर्व्हरवर जे असेल ते, यावर कधीच सोडायचं नाही.

पुढच्या आज्ञा आणि व्हेरिएबलांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.

पहिली पायरी: आपण कुठल्या लोकेलमध्ये आहोत?

टर्मिनलमध्ये नुसतं 'लोकेल' टाइप करा. लँग, एलसी_सीटाइप, एलसी_कोलेट, एलसी_न्यूमेरिक, एलसी_ऑल अशी रांग दिसेल. क्रमाशी थेट संबंध एलसी_कोलेटचा. पण त्याची किंमत ठरते ती अशी: एलसी_ऑलला काही दिलेलं असेल तर तेच चालतं, बाकी कोणाचं काही ऐकलं जात नाही. ते रिकामं असेल तर एलसी_कोलेट बघितलं जातं. तेही नसेल तर लँग. तिन्ही नसतील तर सी, म्हणजे साध्या बाइटच्या क्रमाचं लोकेल. 'मी एलसी_कोलेट बदललं पण काहीच फरक पडला नाही' अशी तक्रार आली की आधी एलसी_ऑल बघावं. बहुतेक वेळा कुठल्यातरी प्रोफाइल फाइलीत कोणीतरी ते एक्स्पोर्ट करून ठेवलेलं सापडतं.

मग 'लोकेल -ए' चालवा. मशीनवर खरोखर कुठली लोकेलं बसवलेली आहेत ते त्यातून कळतं. ही पायरी लोक गाळतात आणि फसतात, कारण नसलेलं लोकेल मागितलं तर सॉर्ट अडून बसत नाही. तो गुपचूप सी लोकेलवर येतो आणि काम पुरं करतो. बॅश निदान 'लोकेल बदलता आलं नाही' असं कुरकुरतो. छोट्या कंटेनर इमेजमध्ये तर बहुधा सी, पॉझिक्स आणि सी.यूटीएफ-८ एवढीच नावं असतात. तिथे लँगला एमआर_आयएन दिलं म्हणून मराठी क्रम मिळत नाही.

शंका असेल तर सॉर्टलाच विचारायचं. 'सॉर्ट --डीबग' दिलं की तो तुलना कुठल्या लोकेलच्या नियमांनी करतोय, की साध्या बाइटच्या तुलनेने, ते पहिल्याच ओळीत सांगतो. लिनक्सवरच्या कोअरयूटिल्समध्ये ही सोय आहे. एकदा ती कळली की अंदाज बांधणं थांबतं.

दुसरी पायरी: फरक डोळ्यांनी बघा

चार ओळींची फाइल करा: कॅपिटल ए, स्मॉल ए, कॅपिटल बी, स्मॉल बी. सी लोकेलमध्ये सॉर्ट केलं तर दोन्ही कॅपिटल आधी येतात, मग दोन्ही स्मॉल. कारण आस्कीत, म्हणजे अक्षरांना आकडे देणाऱ्या जुन्या तक्त्यात, कॅपिटल ए ६५, कॅपिटल झेड ९० आणि स्मॉल ए ९७. सी लोकेल या आकड्यांपलीकडे काही बघत नाही. आता ईएन_यूएस.यूटीएफ-८ लावून तेच करा. क्रम येतो: स्मॉल ए, कॅपिटल ए, स्मॉल बी, कॅपिटल बी.

लोकांना वाटतं दुसऱ्या पद्धतीत केस (अक्षर कॅपिटल की स्मॉल) दुर्लक्षित होते. तसं नाही. भाषिक क्रमात तुलना पातळ्यांमध्ये होते. आधी दोन्ही शब्द सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त मूळ अक्षरं बघून ताडले जातात. तिथे पूर्ण बरोबरी झाली तरच दुसऱ्या पातळीवर अक्षरावरच्या खुणा बघितल्या जातात, आणि तिथेही बरोबरी झाली तरच तिसऱ्या पातळीवर कॅपिटल-स्मॉल. म्हणजे पहिल्याच अक्षरात केसचा फरक असला तरी शेवटच्या अक्षरातला खरा फरक त्याच्यावर मात करतो. डावीकडून एकेक बाइट बघत जाणाऱ्या तुलनेची सवय असलेल्याला हे पटकन पचत नाही, आणि माझ्या त्या दुपारचं मूळही इथेच होतं: पुढच्या भागात काय आहे ते न बघता सुरुवातीवरून क्रमाचा अंदाज करता येतो, हे गृहीतच भाषिक क्रमात लागू नाही.

विरामचिन्हांची गोष्ट आणखी नाजूक. '१-१' आणि '११' या दोन ओळी इंग्रजी आकड्यांत लिहून ईएन_यूएसमध्ये सॉर्ट करा. लिनक्सची सी लायब्ररी ग्लिबसी २.२८ च्या आधीची असेल तर '११' आधी येईल, कारण जुन्या नियमांत आडवी रेघ पहिल्या पातळ्यांवर मोजलीच जात नसे. २.२८ किंवा नंतरची असेल तर '१-१' आधी. लोकेलचं नाव तेच, मशीनही कदाचित तेच, फक्त मधे ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड झाली. २.२८ ही आवृत्ती ऑगस्ट २०१८ मध्ये आली. डेबियन ९ मध्ये आधीची होती, डेबियन १० मध्ये २.२८, उबुंटू १८.०४ मध्ये २.२७, त्यापुढे नवी. रेड हॅट ७ मध्ये २.१७, आठमध्ये २.२८. ही यादी लक्षात ठेवा, डेटाबेसच्या भागात ती पुन्हा लागणार आहे.

तिसरी पायरी: शेलमध्ये यंत्रासाठीचा क्रम पक्का करा

सॉर्ट, कॉम, जॉइन, युनिक यांची साखळी असेल तर सगळ्यांना एकच लोकेल द्या, आणि ते सी असू द्या. इथली नेहमीची चूक अशी दिसते:

एलसी_ऑल=सी सॉर्ट पहिली.टेक्स्ट | कॉम - दुसरी.टेक्स्ट

आज्ञेच्या आधी लावलेलं व्हेरिएबल फक्त त्याच एका आज्ञेला लागू होतं. पाइपच्या पलीकडचा कॉम जुन्याच लोकेलमध्ये चालतो, आणि सॉर्टने बाइटनुसार लावलेली यादी त्याला विस्कटलेली वाटते. म्हणून स्क्रिप्टमध्ये सुरुवातीलाच 'एक्स्पोर्ट एलसी_ऑल=सी' लिहिणं सोपं. तसं केल्याने सॉर्टही वेगाने चालतो, मोठ्या फाइलींवर हे सहज जाणवतं.

पण एलसी_ऑल=सी म्हणजे फक्त क्रम बदलला असं नाही. अक्षर कशाला म्हणायचं हेही बदललं. 'डब्ल्यूसी -एम' आता अक्षरांऐवजी बाइट मोजेल, आणि देवनागरीचं एक कोडपॉइंट (युनिकोडने चिन्हाला दिलेला क्रमांक) यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं असल्यामुळे आकडे तिप्पट येतील. देवनागरी मजकूर हाताळणाऱ्या स्क्रिप्टमध्ये म्हणून दोनपैकी एक करा: एलसी_ऑल रिकामं ठेवून फक्त एलसी_कोलेट=सी द्या, किंवा सी.यूटीएफ-८ वापरा. यात अक्षरं यूटीएफ-८ म्हणून ओळखली जातात आणि क्रम मात्र कोडपॉइंटचा राहतो. यूटीएफ-८ ची रचनाच अशी आहे की बाइटनुसार लावा की कोडपॉइंटनुसार, क्रम एकच येतो. मूळ ग्लिबसीत सी.यूटीएफ-८ हे २०२२ च्या २.३५ आवृत्तीपासून आहे. डेबियनने ते आधीपासूनच स्वतः जोडलेलं होतं.

सॉर्टला की, म्हणजे कुठल्या कॉलमवर लावायचं ते, देतानाही एक खाच आहे. स्वल्पविरामाने तोडलेली फाइल पूर्ण ओळ म्हणून सॉर्ट केली तर स्वल्पविरामही तुलनेत भाग घेतो. आस्कीत स्पेस ३२ आणि स्वल्पविराम ४४. त्यामुळे 'राम,५' आणि 'राम जोशी,२' यांत सॉर्ट दुसऱ्याला आधी ठेवेल, पण डेटाबेसला फक्त नावाचा कॉलम दिसतो आणि तो नुसत्या 'राम'ला आधी ठेवेल. उपाय: 'सॉर्ट -टी, -के१,१'. तो दुसरा १ विसरू नका. नुसतं '-के१' म्हणजे पहिल्या कॉलमपासून ओळीच्या शेवटापर्यंत.

आकड्यांबद्दल थोडक्यात. कुठल्याही लोकेलमध्ये मजकूर म्हणून '१०' हे '९' च्या आधीच येतं. त्यासाठी '-एन' लागतं. पण '-एन' दशांश चिन्ह एलसी_न्यूमेरिकवरून ठरवतो. जर्मन लोकेलमध्ये दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब, त्यामुळे टिंबवाले दशांश आकडे तिथे भलत्याच जागी जातात. आणि देवनागरी आकडे '-एन'ला आकडे वाटतच नाहीत; तो त्यांना शून्य धरतो.

फाइलींच्या नावांचे पॅटर्नही यात येतात. चौकटी कंसात स्मॉल ए ते स्मॉल झेड असा पल्ला दिला की आपल्याला वाटतं फक्त स्मॉल अक्षरं. जुन्या बॅशमध्ये ईएन_यूएस असताना हा पल्ला कोलेशनच्या क्रमाने वाचला जाई. क्रम स्मॉल ए, कॅपिटल ए, स्मॉल बी, कॅपिटल बी असा, म्हणून कॅपिटल अक्षरंही पल्ल्यात सापडत. सुटे फक्त कॅपिटल झेड, कारण ते स्मॉल झेडच्या नंतर. अशा पॅटर्नला आरएम जोडलेलं असेल तर काय होईल याची कल्पना करा. बॅश ५.० पासून ग्लोबआस्कीरेंजेस हा पर्याय आपोआप चालू असतो आणि पल्ला आस्कीनुसारच वाचला जातो. तरी स्क्रिप्ट कुठल्या बॅशवर चालेल ते आपल्या हातात नसतं, म्हणून पल्ल्याऐवजी 'लोअर' हा तयार अक्षरवर्ग वापरावा.

हाताने चालवलं तर चालतं, रात्री आपोआप चालत नाही, हा प्रकार आला तर क्रॉन (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारा) बघा. त्याच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये बऱ्याचदा लँग नसतंच, म्हणजे सी. उलट एसएसएचने आत गेलात तर बऱ्याच लिनक्स वितरणांत क्लायंट तुमच्या लॅपटॉपवरचं लँग आणि एलसीने सुरू होणारी व्हेरिएबलं सर्व्हरकडे पाठवतो, आणि सर्व्हर ती स्वीकारतो. एकाच सर्व्हरवर एकच स्क्रिप्ट दोन सहकाऱ्यांना दोन क्रम देते ती अशी. स्क्रिप्टच्या तोंडाशी लोकेल लिहिलेलं असेल तर यातलं काहीच आड येत नाही.

चौथी पायरी: पोस्टग्रेस

इथे जरा थांबू, कारण शेलमध्ये क्रम चुकला तर एक रिपोर्ट चुकतो, पण इथे इंडेक्सच (नोंदी झटपट शोधायची क्रमवार सूची) बिघडतो.

पोस्टग्रेसचा डेटाबेस तयार होताना त्याचं कोलेशन ठरतं, आणि काही सांगितलं नाही तर ते इनिटडीबी चालवताना शेलमध्ये जे लोकेल होतं तिथून उचललं जातं. नंतर ते बदलता येत नाही. वेगळं हवं असेल तर टेम्प्लेट० वरून नवा डेटाबेस करावा लागतो. आपलं कुठलं आहे ते पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश-एल देऊन बघा. एखाद्या क्वेरीपुरता क्रम बदलायचा असेल तर:

सिलेक्ट कोड फ्रॉम ग्राहक ऑर्डर बाय कोड कोलेट "सी";

सी भोवतीचे दुहेरी अवतरण आवश्यक आहेत. ही क्वेरी आणि एलसी_ऑल=सी मधला सॉर्ट हे एकमेकांशी जुळतात, आणि माझ्या त्या दोन याद्यांचं औषध एवढंच होतं. एक्स्पोर्टमध्ये नल्ल असतील तर त्यांची जागा वेगळी बघा: पोस्टग्रेस चढत्या क्रमात नल्ल शेवटी ठेवतो, मायएसक्यूएल आधी.

आता इंडेक्स. बी-ट्री इंडेक्समध्ये नोंदी कोलेशनच्या क्रमाने डिस्कवर मांडून ठेवलेल्या असतात. शोधताना पोस्टग्रेस मधल्या नोंदीशी तुलना करून डावीकडे जायचं की उजवीकडे ते ठरवतो. कोलेशन ग्लिबसीकडून आलेलं असेल आणि खाली ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्याने तुलनेचे नियम बदलले, तर मांडणी जुन्या नियमांची राहते आणि शोध नव्या नियमांनी होतो. टेबलात असलेली ओळ शोधून सापडत नाही. युनिक इंडेक्सला जुनी नोंद दिसत नाही, म्हणून तो दुसरी तशीच नोंद आत घेतो. एरर कुठेच येत नाही. डेबियनच्या इमेजवर चालणारं डेटा व्हॉल्यूम अल्पाइनच्या इमेजला जोडलं की हेच होतं, कारण अल्पाइनमधल्या मसल लायब्ररीत लोकेलचं नाव काहीही दिलं तरी तुलना बाइटचीच होते. वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ठेवलेली स्ट्रीमिंग रेप्लिकाही याच खड्ड्यात पडते. पीजीडंप घेऊन पुन्हा भरलेल्या डेटाबेसला मात्र हा धोका नाही. तिथे इंडेक्स नव्याने बांधले जातात.

अपग्रेडच्या वेळी मी ज्या क्रमाने जातो तो असा. आधी दोन्ही मशीनवर 'एलडीडी --व्हर्जन' देऊन ग्लिबसीची आवृत्ती लिहून घ्या. मधे २.२८ ची रेघ ओलांडली जात असेल तर इंडेक्स पुन्हा बांधायचेच आहेत, त्यावर वाद नको. बदल झाल्यावर ॲमचेक हे एक्स्टेन्शन लावून मजकुराच्या कॉलमांवरचे इंडेक्स तपासा. पोस्टग्रेस १४ पासून पीजी_ॲमचेक ही सोयीची आज्ञाही आहे. मग रीइंडेक्स. तो 'युनिक इंडेक्स करता आला नाही' म्हणून अडला तर दुप्पट नोंदी आधीच आत शिरलेल्या आहेत. त्या हाताने निस्तरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मजकुरावर रेंजने पार्टिशन केलेली टेबलं असतील तर ओळी चुकीच्या पार्टिशनमध्ये पडलेल्या असू शकतात, आणि ते रीइंडेक्सने सुटत नाही.

सगळ्यात शेवटी 'ऑल्टर डेटाबेस ... रिफ्रेश कोलेशन व्हर्जन'. पोस्टग्रेस १५ पासून कोलेशनची आवृत्ती जुळली नाही तर जोडणी करतानाच इशारा येतो, आणि त्यातच या आज्ञेचं नाव दिसतं. घाईत लोक तीच आधी चालवतात. ती फक्त नोंदवलेला आकडा बदलते आणि इशारा बंद करते. इंडेक्स होते तसेच बिघडलेले राहतात, आता कोणी ओरडणारंही उरत नाही.

ही डोकेदुखी नको असेल तर कोड, ईमेल, टोकन, फाइलचा पाथ अशा यंत्राच्या कॉलमांना टेबल करतानाच कोलेट "सी" द्या. त्याचा एक उपफायदा: लाइक लावून 'अमुकने सुरू होणारे' असा शोध साध्या इंडेक्सवर चालतो, तो भाषिक कोलेशनवर चालत नाही. पोस्टग्रेस १७ ने तर सी.यूटीएफ-८ स्वतःच्या पोटातच घेतलं आहे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा संबंधच तुटतो. माणसांना दाखवायच्या कॉलमांसाठी आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीची कोलेशनं आहेत. पोस्टग्रेस १० पासून ती एकेका कॉलमला लावता येतात, १५ पासून अख्ख्या डेटाबेसला. आयसीयूचीही आवृत्ती बदलतेच, पण ती पोस्टग्रेसमध्ये सुरुवातीपासून नोंदवली जाते, म्हणून बदल लपून राहत नाही. नेहमी त्याच क्रमाने लागणारी यादी असेल तर इंडेक्सही त्याच कोलेशनने बांधा. दुसऱ्या कोलेशनचा इंडेक्स ऑर्डर बायला कामाचा नाही.

पाचवी पायरी: मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट

मायएसक्यूएल आपली कोलेशनं सोबत घेऊन येतो, म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमच्या अपग्रेडने त्याचा क्रम हलत नाही. त्याचे त्रास वेगळे. नावाच्या शेपटीकडे बघायला शिका: सीआय म्हणजे केस न पाहणारं, सीएस म्हणजे पाहणारं, एआय म्हणजे अक्षरावरच्या खुणा न पाहणारं, एएस म्हणजे पाहणारं, बिन म्हणजे कोडपॉइंटनुसार. आवृत्ती ८.० पासून यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय हे आपोआप मिळतं. त्याआधी यूटीएफ८एमबी४ साठी जनरल_सीआय मिळायचं, ज्यात सगळ्या इमोजींचं वजन एकच धरलं जातं. दोन वेगळ्या इमोजी तिथे 'समान' असतात.

आणि 'समान' हा शब्द इथे शब्दशः घ्या. पोस्टग्रेसमध्ये साध्या कोलेशनवर दोन वेगळे मजकूर कधीच समान ठरत नाहीत. बरोबरी झाली की बाइट बघून निकाल लागतो. मायएसक्यूएलमध्ये सीआय असेल तर युनिकची अट, ग्रुप बाय, डिस्टिंक्ट, सगळीकडे फक्त केसचा फरक असलेले दोन मजकूर एकच. जुन्या जनरल_सीआयच्या टेबलाला नव्या टेबलाशी जॉइन केलं की 'इल्लिगल मिक्स ऑफ कोलेशन्स' हा एरर येतो. त्यावर जॉइनमध्येच कोलेट चिकटवून वेळ मारून नेता येते, पण तो इंडेक्स निकामी करू शकतो. जुनं टेबलच बदलून घ्यावं. शेलशी जुळवायचं असेल तर ऑर्डर बायमध्ये ०९००_बिन वापरा. नुसत्या बिनमध्ये शेवटच्या स्पेस तुलनेत धरल्या जात नाहीत.

एसक्यूलाइट आपोआप बाइटचा क्रम देतो. त्याचं नोकेस फक्त इंग्रजीची २६ अक्षरं ओळखतं. बाकी भाषांसाठी ॲप्लिकेशनने स्वतःचं कोलेशन जोडायचं असतं, आणि मग ती फाइल दुसऱ्या साधनात उघडली की 'असं कोलेशनच नाही' म्हणून अडते.

सहावी पायरी: मराठी यादी

हे बारा शब्द एका फाइलीत घाला: हरण, काळ, ॲप, क्षमा, अकरा, काहूर, १ला, ज्ञान, अंक, कमळ, क्रम, कावळा. एलसी_ऑल=सी ने सॉर्ट केलं की हा क्रम येतो: अंक, अकरा, कमळ, काळ, कावळा, काहूर, क्रम, क्षमा, ज्ञान, हरण, १ला, ॲप.

बाइट बघणाऱ्या आंधळ्या क्रमाच्या मानाने हे बरंच बरं आहे, आणि त्याचं कारण युनिकोडचा देवनागरी विभाग १९८८ च्या इस्की या भारतीय लिप्यांच्या मानकाच्या मांडणीवरून घेतला आहे. अनुस्वार अक्षरांच्या आधी, मग स्वर, व्यंजनं, मग काना-मात्रा, आणि हलन्त मात्रांच्याही नंतर. म्हणून कमळ, मग काळ, मग क्रम, अगदी कोशात असतं तसं. बिनसतं ते मोजक्या ठिकाणी. ळ कोडपॉइंटमध्ये ल आणि व यांच्या मधे बसला आहे, म्हणून 'काळ' हा 'कावळा'च्या आधी आला. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर आहे. क्ष आणि ज्ञ ही युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षरंच नाहीत, ती जोडाक्षरं म्हणून क आणि ज खाली जातात. देवनागरी आकडे अक्षरांच्या नंतर, तर इंग्रजी आकडे सगळ्यांच्या आधी, त्यामुळे दोन्ही प्रकारचे आकडे मिसळलेल्या यादीची दोन टोकं होतात. आणि ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. तोवर स्वरांच्या भागातली सगळी जागा भरलेली होती, म्हणून ते आकड्यांच्याही नंतर.

आता पोस्टग्रेसमध्ये तेच शब्द कोलेट "एमआर-एक्स-आयसीयू" लावून काढा आणि ळ, क्ष, ज्ञ कुठे पडतात ते बघा. तुम्हाला हवा असलेला क्रम तोच असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर पोस्टग्रेस १६ पासून स्वतःचे नियम देता येतात:

क्रिएट कोलेशन कोश (प्रोव्हायडर = आयसीयू, लोकेल = 'एमआर', रूल्स = '&ह < ळ < क्ष < ज्ञ');

ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ, एवढाच त्याचा अर्थ. क्ष ला क खालीच ठेवायचं असेल तर तेवढं गाळा. हा निर्णय यादी वापरणाऱ्याला विचारून घ्यावा, प्रोग्रामरने परस्पर घेऊ नये.

क्रमाआधी मात्र एक साफसफाई लागते. 'ॲप'चं पहिलं अक्षर एकाच कोडपॉइंटने लिहिता येतं, किंवा अ आणि वरचा चंद्र असं दोन तुकड्यांनीही. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट वेगळे, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन चालवूनही ते एक होत नाहीत. 'दऱ्या'चंही तसंच. त्यातला अर्धा र कोणी ऱ वापरून टाइप करतो, कोणी साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक वापरून. बाइटच्या क्रमात या दोन वेगळ्या नोंदी. उलट मायएसक्यूएलच्या एआय कोलेशनमध्ये गंमत होते: ऱ म्हणजे युनिकोडच्या लेखी र अधिक नुक्ता (अक्षराखालचं टिंब), नुक्त्याचा फरक दुसऱ्या पातळीचा, आणि एआय ती पातळी बघतच नाही. जोडक तर तुलनेत धरलाच जात नाही. मग डोंगरातल्या 'दऱ्या' आणि समुद्र या अर्थाचा 'दर्या' समान ठरतात, आणि युनिक कॉलममध्ये दुसऱ्याला प्रवेश मिळत नाही. शब्दकोशासारखं टेबल असेल तर त्या कॉलमला बिन द्या.

म्हणून मजकूर आत घेतानाच एक रूप ठरवा. मी ॲ चं एकसंध रूप आणि ऱ ठेवतो, बाकीची रूपं इनपुटवरच बदलून घेतो, आणि आधीच साठलेल्या नोंदींवर एकदा अपडेट चालवतो. तो अपडेट युनिक इंडेक्स लावण्याआधी चालवा. नंतर चालवलात तर पहिल्याच जुळ्या जोडीवर तो थांबेल.